२२ वचनं आणि आठवड्याचे १६८ तास

प्रश्न थोडक्यात असा. एका ताईंचं वय ३४, खासगी शाळेत शिक्षिका. मुलं ९ आणि ५ वर्षांची, सासूबाई सोबत राहतात. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्या महिला मंडळाच्या सेक्रेटरी आहेत, शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या शाळेत) एक वर्ग घेतात, गायनमंडळातही आहेत. मातृदिनाच्या उपासनेत बायबलमधला नीतिसूत्रे ३१ हा 'सद्गुणी स्त्री'चा अध्याय वाचला गेला की त्यांना रडू येतं. त्या विचारतात, "प्रभूसाठी सगळं उत्तमच करायला हवं ना? मग मलाच का जमत नाही? आणि अपेक्षा कमी केल्या तर तो आळस नाही का?"

ताई, आधी त्या अध्यायाचंच पाहू, कारण रडू तिथून येतंय.

नीतिसूत्रे ३१ मधली १० ते ३१ ही वचनं म्हणजे एक कविता आहे. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरं, म्हणून वचनंही २२. पहिलं 'आलेफ'ने सुरू होतं, शेवटचं 'ताव'ने. मराठीत 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत एकेक ओळ रचून कुणी आईचं कौतुक लिहावं, तसा हा प्रकार. असं कौतुक लिहिणारा संपूर्ण आयुष्यातलं वेचून घेतो, एका मंगळवारातलं नाही. आपल्याकडे मात्र ती २२ वचनं दिनक्रमाच्या तक्त्यासारखी वाचली जातात. पहाटे उठते, रात्री दिवा विझत नाही, शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रं करून विकते, गरिबाला हात देते. मग ऐकणारी प्रत्येक बाई मनात बरोबर-चूकच्या खुणा करत बसते. त्यात १५वं वचन घाईत वाचलं जातं. या बाईच्या घरी दासी आहेत, आणि ती त्यांना कामं वाटून देते. धुणंभांडी, दळण, पाणी हे सगळं तिच्या एकटीच्या हातून होत नव्हतं. २२व्या वचनात तिने स्वतःसाठीही चांगली वस्त्रं केली आहेत. त्यावर प्रवचन क्वचितच होतं.

दुसरी गोष्ट शब्दाची. ज्याला आपण 'सद्गुणी स्त्री' म्हणतो तो मूळ हिब्रू शब्दप्रयोग 'एशेत खायिल'. 'खायिल' म्हणजे बळ, पराक्रम. सैन्यासाठीही हाच शब्द येतो. शास्त्यांच्या पुस्तकात देवदूत गिदोनाला वीर म्हणून हाक मारतो, तिथेही हाच शब्द आहे. 'एशेत खायिल' हा प्रयोग जुन्या करारात तीनदा येतो: नीतिसूत्रे १२:४, ३१:१० आणि रूथ ३:११. यातल्या फक्त एका ठिकाणी तो खऱ्याखुऱ्या, नावागावाच्या बाईला लावला आहे. ती रूथ. शेताचा मालक बवाज तिला असं म्हणतो तेव्हा तिच्याकडे काय आहे? ती मवाबी, परकी, विधवा. मूल नाही, शेत नाही, दासी नाही. दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. २२ वचनांपैकी बहुतेक खुणा तिच्याबाबतीत कोऱ्याच राहतील. तरी पदवी तिला मिळाली, कारण सासू नामीच्या बाबतीत ती निष्ठेने वागली आणि समोरचं काम तिने नीट केलं. दुसऱ्या अध्यायात आणखी एक बारीक तपशील आहे. बवाज तिला कापणाऱ्यांबरोबर जेवायला बोलावतो, ती बसते, पोटभर खाते, मग उठून पुन्हा वेचायला लागते. मुद्दाम टाकलेली कणसंही तिने उचलली. मला मदत नको, माझं मी बघेन, असा बाणा तिने दाखवला नाही.

तिसरी गोष्ट मोजमापाची. मत्तय २५ मधल्या दाखल्यात धनी एकाला पाच, एकाला दोन, एकाला एक थैली देतो, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. २१वं आणि २३वं वचन शेजारी ठेवून वाचा. पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला मिळालेली शाबासकी एकच आहे. तू दहा का नाही आणलेस, असं दोनवाल्याला कुणी विचारलेलं नाही. तिसऱ्याने मात्र थैली पुरली, आणि का पुरली ते तो स्वतःच सांगतो: धनी कठोर आहे असं त्याला वाटलं, तो घाबरला. सगळं परिपूर्ण झालं नाही तर देव रागावेल, या भीतीने रात्री बारापर्यंत राबणारी बाई आणि थैली पुरणारा हा माणूस दिसायला उलट आहेत, पण धन्याबद्दलची दोघांची समजूत एकच.

कलस्सैकरांस ३:२३ हे वचनही तुमच्या 'प्रभूसाठी सगळं उत्तमच' यामागे असणार. जे कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. हे वाक्य सांगितलंय कुणाला, ते मागच्या वचनात आहे: दासांना. ज्यांना काम निवडता येत नव्हतं आणि केलेल्याचं कुणी कौतुक करत नव्हतं, त्यांना प्रेषित पौल सांगतोय की तुमचा परीक्षक एकच आहे. परीक्षक वाढवायला तो सांगत नाही. आपण शेजारीण, जाऊबाई, पाळकीणबाई आणि व्हॉट्सॲप ग्रुप असे चार परीक्षक जोडून वर याच वचनाचा आधार घेतो.

आता हिशेब. आठवड्यात तास १६८. तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून अंदाज मांडते, तुमच्या घराप्रमाणे आकडे बदला. झोप रोज ७ तास धरली तर ४९. शाळा, जाण्यायेण्यासह, सहा दिवस रोज ८, म्हणजे ४८. घरी वह्या तपासणं ६. स्वयंपाक रोज ३, म्हणजे २१. धुणं, भांडी, झाडलोट १०. मुलांचा अभ्यास आणि आवराआवर १७. स्वतःची अंघोळ, जेवणं ११. रविवारची उपासना आणि शब्बाथ शाळा ४. बेरीज १६६. उरले २ तास.

या २ तासांत तुम्हाला काय बसवायचं आहे? महिला मंडळ ३, गायनाचा सराव २, वर्गाची तयारी २, रोज एक तास वैयक्तिक प्रार्थना म्हणजे ७, आणि चालणं साडेतीन. एकूण साडेसतरा. साडेपंधरा तास कमी पडतात. ते येतात झोपेतून, रोज जवळजवळ सव्वादोन तास, म्हणजे झोप उरते पावणेपाच तास. तुमच्या भक्तीत काही कमी आहे म्हणून जमत नाही असं नाही, बेरीजच जमत नाही. स्तोत्र १२७ च्या दुसऱ्या वचनात पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत कष्टाची भाकर खाणं व्यर्थ म्हटलंय, ते या हिशेबाशेजारी ठेवून वाचा.

साडेपंधरा तास सोडवायचे कसे? संध्याकाळची भांडी नवऱ्याकडे, रोज अर्धा तास: साडेतीन सुटले. मुलांच्या अभ्यासाची पाच संध्याकाळची पाळीही त्यांच्याकडे: ५. आठवड्यातून दोनदा रात्री खिचडी किंवा पिठलं-भात, बाकी काही नाही: २. गायनमंडळ या वर्षी बंद: २. प्रार्थनेचा तास १५ मिनिटांवर: सव्वापाच. एकूण पावणेअठरा. भागलं, वर सव्वादोन तास शिल्लक राहिले. ते राखून ठेवा, कारण कुणीतरी आजारी पडतंच.

प्रार्थना कमी करायला सांगितल्यावर तुमच्या भुवया वर गेल्या असतील. रोज एक तास ठरवून आठवड्यातून एकदा करणारी बाई सहा दिवस अपराधी असते. १५ मिनिटं ठरवून सहा दिवस करणारी दीड तास प्रार्थना करते आणि सातव्या दिवशीही तिला वही उघडायची लाज वाटत नाही. वाचनाचंही तेच. वर्षात संपूर्ण शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची योजना म्हणजे १,१८९ अध्याय, रोज सव्वातीनच्या वर. मूल तापाने फणफणलं आणि दहा दिवस चुकले की बाकी तेहतीस अध्याय. बहुतेकींची योजना लेवीय या तिसऱ्याच पुस्तकाच्या आसपास बंद पडते ती या थकबाकीमुळे. त्याऐवजी मार्कचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय, रोज अर्धा, ३२ दिवस. दिवस चुकला तर भरून काढायचा नाही. जिथे खूण आहे तिथून पुढे. निर्गम १६ मधला मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेलं अन्न, त्या दिवसापुरता गोळा करायचा होता, उद्यासाठी साठवला तर त्यात किडे पडत.

मग वहीत एका पानावर तीन रकाने आखा: उत्तम, पुरेसं, या हंगामात नाही. 'उत्तम'मध्ये जास्तीत जास्त दोन गोष्टी. तुमच्या बाबतीत मी शब्बाथ शाळेचा वर्ग आणि मुलांची झोपण्याआधीची वीस मिनिटं या दोनच ठेवीन. शिकवणं ही तुम्हाला मिळालेली देणगी आहे, आणि मुलांची ती वीस मिनिटं दुसरं कुणी भरू शकत नाही. 'पुरेसं' रकान्यात नुसतं 'घर स्वच्छ' लिहू नका. पुरेसं म्हणजे किती, ते लिहा. झाडू रोज, लादी बुधवारी आणि शनिवारी. डब्यात पोळी आणि एक भाजी. इस्त्री फक्त गणवेशाला आणि रविवारच्या कपड्यांना. माप लिहून ठेवायचं कारण असं की रात्री दहाला थकलेलं मन माप बदलतं, आणि नेहमी वरच नेतं.

'उत्तम' कसं दिसतं ते वर्गाच्या तयारीवरून पाहा, कारण इथेच श्रम सगळ्यात जास्त वाया जातात. ४० मिनिटांच्या वर्गाला एक तासाची तयारी पुरते, ती एका बैठकीत मात्र करू नये. मंगळवारी १५ मिनिटं: उतारा दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने, आणि मुलांनी घरी काय घेऊन जायचं ते एका वाक्यात लिहा. वाक्य बारा शब्दांच्या वर गेलं तर धडा अजून तुम्हालाच कळलेला नाही. गुरुवारी ३० मिनिटं: सुरुवातीचा एक प्रश्न, गोष्ट, आणि हातात धरता येईल अशी एक वस्तू. हरवलेल्या नाण्याच्या दाखल्याला एक रुपया आणि केरसुणी बास. शनिवारी १५ मिनिटं: गोष्ट न बघता एकदा सांगून पाहा, वस्तू पर्समध्ये टाका. शनिवारी रात्री अकराला चार्टपेपर कापत आणि चमकी चिकटवत बसणं यात येत नाही. तक्ता देखणा होतो, बाई रविवारी चिडलेली येते, आणि मुलांच्या लक्षात तक्ता राहत नाही, चिडणं राहतं.

रविवारचंच बोलायचं तर ख्रिस्ती घरातल्या बाईला सगळ्यात जास्त राबवणारा वार हाच. नाश्ता, सगळ्यांचे कपडे, उपासना, घरी येऊन मटणाचा स्वयंपाक, दुपारी पाहुणे. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आज्ञेत मुलगी, दास, दासी, गुरंढोरं सगळ्यांना विसावा सांगितलाय, म्हणजे घरातल्या बाईलाही आहे. त्याच निर्गम १६ मध्ये सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून, भाजायचं-शिजवायचं ते आदल्या दिवशी करायला सांगितलंय. रस्सा शनिवारी संध्याकाळी शिजवून ठेवा, उपासनेहून आल्यावर फक्त भात लावा. जेवणानंतर तीन तास कुणाचंच काही करायचं नाही, मंडळाचा फोनही घ्यायचा नाही.

मंडळीत 'नाही' म्हणणं तुम्हाला सगळ्यात जड जाईल. चूक होते ती सभेत. सगळ्यांसमोर पाळकसाहेब नाव घेतात, टाळ्या पडतात, मान हलते. म्हणून नियम: सभेत कधीच होकार द्यायचा नाही. "उद्या संध्याकाळी सांगते" एवढंच. घरी येऊन वहीतलं पान बघा. नकार द्यायचा तर दोन वाक्यांत द्या: "पाळकसाहेब, या वर्षी गायनमंडळ मला नीट करता येणार नाही. शब्बाथ शाळेचा वर्ग माझ्याकडे राहू द्या, तो मी मनापासून घेते." कारणं सांगू नका. मुलांचा अभ्यास असतो म्हटलं की कुणीतरी शिकवणी सुचवतं, दूर पडतं म्हटलं की कुणीतरी गाडीवरून सोडायला तयार होतं, आणि तुम्ही अडकता. हे उद्धटपणाचं वाटत असेल तर निर्गम १८ वाचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला सासरा सांगतो की तू करतोस हे ठीक नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील. कामं हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमून वाटली गेली. मोशेने सासऱ्याचं ऐकलं.

आपल्या सभांमध्ये पंडिता रमाबाईंचं नाव घेऊन बायकांना टोमणा मारायची पद्धत आहे: त्यांनी शास्त्राचं भाषांतर केलं, तुमचा एक अध्याय होत नाही. रमाबाई असामान्य होत्या, वादच नाही. पण १८८२ मध्ये पती वारल्यावर त्यांचं घर म्हणजे त्या आणि एक मुलगी. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सुंदराबाई पवार, मिनी अब्राम्स, पुढे मुलगी मनोरमा अशी माणसं भार उचलत होती, छापखान्यापासून शेतीपर्यंत कामं वाटलेली होती. भाषांतराचं काम वर्षानुवर्षं चाललं, आणि १९२२ मध्ये त्या गेल्यावर १९२४ मध्ये ते संपूर्ण शास्त्र प्रसिद्ध झालं. हा तपशील सांगितला तर टोमण्याचा सल्ला होतो.

आळसाबद्दल. आपल्या वाट्याचं काम टाळणं हा आळस. तुम्ही इतरांच्या वाट्याचं काम ओढून घेतलं आहे, ते परत देणं हा आळस नव्हे. घरात परत देताना भांडण नको म्हणून काम अर्धवट देऊ नका. भांडी नवऱ्याकडे दिली की कढईची कड नीट घासली का ते बघायला जायचं नाही, पुन्हा विसळायचं तर अजिबात नाही. पुन्हा विसळलं की चौथ्या दिवशी भांडी परत तुमच्याकडे येतात. सासूबाईंना आधी सांगा, आयत्या वेळी नको: "आई, सोमवारपासून संध्याकाळची भांडी हे घासणार आहेत. तुम्ही फक्त ओट्यावरचं झाकपाक बघाल का?" मुलाने भांडी घासलेली बघणं त्यांना अवघड जाणार. त्यांच्याकडे लहानसं, मानाचं काम असलं की ते थोडं सोपं होतं.

अपराधीपणा तरीही येईल. तो आला की एका वाक्यात लिहून काढा. "आज सकाळी डब्यावरून धाकटीवर ओरडले" असं लिहिता आलं, तर त्यात कृत्य आहे, माणूस आहे, उपाय आहे. तिची क्षमा मागा, देवाची मागा, विषय संपवा. "मी चांगली ख्रिस्ती आईच नाही" एवढंच लिहिता आलं तर त्यात कृत्य नाही, म्हणून पश्चात्ताप करण्याजोगंही काही नाही. ते खोडा.

एक गोष्ट मात्र वहीने सुटत नाही. झोप पुरेशी होऊनही थकवा राहिला, जिना चढताना धाप लागली, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, त्याला उपास-प्रार्थनेबरोबर बहुतेकदा लोहाच्या गोळ्याही लागतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, कशात रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. एलीया संदेष्टा मरण मागत झाडाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला आधी झोपू दिलं आणि दोनदा खाऊ घातलं. बोलणं त्यानंतर झालं. आणि वाचणाऱ्या इतर कुणाच्या घरी मारहाण होत असेल तर 'अधीनता' आणि 'सहनशीलता' हे शब्द तिथे लागू नाहीत. महिलांसाठी १८१ हा नंबर आहे.

शेवटी तुमच्या हातात असलेली एक गोष्ट, जी सेक्रेटरी म्हणून तुम्हीच करू शकता. घरगुती प्रार्थनासभेचा फराळ. पहिल्या घरी चहा-बिस्किटं असतात. दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी पोह्यांबरोबर गुलाबजाम, पाचव्या घरी पुरी-भाजी आणि पुलाव. कुणी ठरवत नाही, चढत जातं. मग ज्या घरात महिनाअखेरीस सिलिंडर पुरवून वापरावा लागतो ते घर "आमच्याकडे यंदा नको, जागा लहान आहे" म्हणू लागतं, आणि जिथे प्रार्थना हवी होती तिथेच ती होत नाही. पाहुणचाराच्या धावपळीत अडकलेल्या मार्थेच्या घरी प्रभू येशू नेमकं वाढण्यावरूनच बोलला होता. तुमची वैयक्तिक दमणूक आणि त्या घराची लाज एकाच चढाओढीतून येते, म्हणून एकटीने फराळ कमी करून भागत नाही, लोक चिक्कू म्हणतात. ठराव लागतो. पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेत तो घाला, आधी दोन ज्येष्ठ बायकांना भेटून एकीला सूचक आणि एकीला अनुमोदक व्हायला सांगा, आणि शक्यतो ज्यांच्या घरी पुलाव झाला होता त्यांनाच सूचक करा. मजकूर लांबवू नका. "ठराव: घरगुती प्रार्थनासभेत सर्व घरी फक्त चहा व बिस्किटे द्यावीत. नाताळ व वाढदिवसाच्या सभांनाही हाच नियम लागू राहील." वाढदिवसाचा उल्लेख गाळलात तर दोन महिन्यांत दर सभेला कुणाचा ना कुणाचा वाढदिवस निघेल.